इशारा पातळीचा लाल दिवा

गोदावरीला पूर आला, की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. रामकुंडाच्या परिसरात, नदीच्या पाण्यातच उभ्या असलेल्या या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा बातम्या गावभर फिरतात. हातात मोजपट्टी नसते, तरी प्रत्येकाला पुराचा अंदाज येतो. कारण साधे आहे. पाणी वरखाली होते, मारुती मात्र जागचा हलत नाही.

नदीच्या प्रवाहाबरोबर नाशिकहून खाली गेलो, की निफाड तालुक्यात सायखेडा हे गाव लागते. गाव गोदाकाठचे आहे, आणि पुलापलीकडे चांदोरी. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की ते काही तासांनी येथे पोहोचते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये या गावांत पुराचे पाणी शिरले होते. अशा नद्यांसाठी पाटबंधारे खाते दोन पातळ्या ठरवते. एक इशारा पातळी आणि तिच्या वर धोका पातळी. विद्यार्थी मित्रहो, एकच पातळी ठेवून का भागत नाही? धोका आल्यावर ‘धोका आला’ असे सांगून उपयोग नसतो, म्हणून. सामान माडीवर चढवायला, जनावरे सोडायला वेळ हवा. तो वेळ मिळावा म्हणूनच पहिली रेघ खाली असते.

आज आपण अशीच एक इशारा पातळी बॅटरीसाठी ठरवणार आहोत. बॅटरी उतरत आली, पण अजून संपलेली नाही, अशा वेळी लाल दिवा पेटवणारा एक छोटा परिपथ आपण तयार करू. त्यासाठी दोन ट्रान्झिस्टर, एक झेनर डायोड आणि चार रोध एवढेच मुख्य सामान लागते.

बॅटरीचा भरवसा

या भागात बॅटरीवर किती गोष्टी अवलंबून असतात ते पाहा. पूर आला, की सुरक्षिततेसाठी गावची वीज बंद करावी लागते, आणि नेमकी तेव्हाच उजेडाची गरज सर्वांत जास्त असते. शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षे पाळीने वीज मिळत आली. एखाद्या आठवड्यात रात्रपाळी आली, की शेतकऱ्याला कांद्याला पाणी देण्यासाठी मध्यरात्री शेतात जावे लागे. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असतो. अशा वेळी हातातला दिवा ही चैनीची वस्तू राहत नाही.

निफाडकडच्या पुष्कळ घरांत पाठीवर अडकवायचा, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप असतो. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास क्षमतेची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. फवारणी नसेल त्या दिवशी याच बॅटरीवर १२ व्होल्टचा एलईडी दिवा लावता येतो. दिवा ६ वॉटचा असेल, तर तो सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. कागदावर हिशेब केला, तर ८ ला ०.५ ने भागून १६ तास येतात. पण बॅटरी जुनी असते, काल थोडी वापरलेली असते, नीट चार्ज झालेली नसते. मग १६ तासांचे ९ होतात की ५, हे बाहेरून पाहून कोणाला सांगता येईल?

पूर्वीच्या विजेरीत ही अडचण एवढी नव्हती. तिच्यात तारेचा बल्ब असे. अशा बल्बचा विभवांतर, म्हणजे नेहमीच्या भाषेत व्होल्टेज, १० टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. उजेड पिवळा पडे, मग तांबूस होई, आणि घरातले म्हणत, “सेल उतरले, नवे आणायला हवेत.” म्हणजे बल्ब स्वतःच इशारा देत असे. आजच्या कित्येक एलईडी दिव्यांत मात्र उजेड कायम ठेवणारा आतला परिपथ असतो. व्होल्टेज घटले, की तो बॅटरीकडून थोडा जास्त प्रवाह खेचतो आणि उजेड तेवढाच ठेवतो. दिवा शेवटपर्यंत लखलखीत राहतो आणि मग एकाएकी विझतो. उजेड सुधारला, पण इशारा हरवला. तो आपल्याला वेगळा बसवावा लागेल.

बॅटरी उतरते म्हणजे काय होते?

शिसे-आम्ल घट गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. त्याच्या एका पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड असतो, दुसरीवर सच्छिद्र शिसे असते, आणि दोन्हींच्या मध्ये विरल सल्फ्यूरिक आम्ल. घटातून प्रवाह घेतला, की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमू लागते. त्यासाठी लागणारे सल्फेट आम्लातून येते, म्हणून आम्ल अधिकाधिक पातळ होत जाते. घटाचे व्होल्टेज आम्लाच्या तीव्रतेवर अवलंबून असते, त्यामुळे तेही हळूहळू उतरते.

भरलेल्या घटाचे व्होल्टेज २.१ व्होल्टच्या आसपास असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, आणि निम्मी उतरली की साधारण १२.२ व्होल्ट. दिवा चालू असताना हे आकडे आणखी थोडे कमी येतात. १०.८ व्होल्टच्या खाली, म्हणजे दर घटाला १.८ व्होल्टच्या खाली, आपल्या कामासाठी तिला उतरू देऊ नये. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. चार्जिंग करताना ते पुन्हा विरघळत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणजे वेळेवर मिळालेला इशारा माणसाला जसा अंधारापासून वाचवतो, तसा बॅटरीलाही अकाली मरणापासून वाचवतो.

या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की १२.७ पासून १०.८ पर्यंतचा हा सारा उतार दोन व्होल्टांहूनही कमी आहे. एवढ्याशा फरकातली एक नेमकी रेघ आपल्या परिपथाने ओळखायला हवी.

परिपथातला मारुती

रेघ ओळखायची तर तुलनेसाठी न हलणारी खूण लागते. बॅटरीचे व्होल्टेज तर सारखे बदलते. मग स्थिर खूण कोठून आणायची?

हे काम झेनर डायोड करतो. क्लॅरेन्स झेनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. साधा डायोड एका दिशेने प्रवाह जाऊ देतो आणि उलट दिशेने अडवतो. झेनर डायोडही उलट दिशेने प्रवाह अडवतो, पण ठरावीक व्होल्टेजपर्यंतच. तेवढे व्होल्टेज गाठले, की तो वाट मोकळी करतो, आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज जवळजवळ तेवढेच राहते. आपण ६.२ व्होल्टचा झेनर घेऊ. बॅटरी १२.७ वर असो की ११ वर, ही खूण फारशी हलत नाही.

६.२ व्होल्टच निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. निफाडचा हिवाळा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. द्राक्षबागांत थंडीपासून मण्यांचे रक्षण करण्यासाठी शेकोट्या पेटवाव्या लागतात. उन्हाळा मात्र कडक असतो. अशा बदलात परिपथाची रेघ सरकून चालणार नाही. ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी त्याच्या बेस आणि एमिटर यांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, आणि तापमान एक अंश वाढले की ही गरज सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. उलट, ६.२ व्होल्टच्या झेनरचे व्होल्टेज तापमानाबरोबर थोडे वाढते. एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट एकमेकांना बऱ्याच अंशी फेडतात.

विझणारा दिवा की पेटणारा?

आता रचनेचा विचार करू. सगळ्यांत सोपी कल्पना अशी सुचते, की झेनर, रोध आणि एलईडी एकापुढे एक जोडावे. व्होल्टेज पुरेसे असेल तोवर एलईडी पेटेल, आणि उतरले की विझेल. परिपथ चालेल, पण इशारा उलटा मिळेल. बॅटरी चांगली असताना दिवा पेटलेला आणि संकट आल्यावर विझलेला! कामाच्या गडबडीत पेटलेला दिवा पटकन दिसतो, विझलेला लक्षात येत नाही. शिवाय चांगल्या दिवसांत तो सतत प्रवाह खात राहतो.

आपल्याला याच्या उलट हवे आहे. हा उलटा अर्थ लावण्यासाठी दोन ट्रान्झिस्टर वापरू. पहिल्याला ‘पहारेकरी’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘दिवेकरी’. बॅटरी चांगली असेल, तर झेनरमधून प्रवाह येतो आणि पहारेकरी चालू राहतो. तो दिवेकऱ्याच्या बेसकडे जाणारा सगळा प्रवाह परस्पर ऋण तारेकडे वळवतो. दिवेकरी उपाशी राहतो, म्हणून लाल दिवा बंद. बॅटरी रेघेखाली गेली, की झेनर वाट बंद करतो आणि पहारेकरी झोपतो. आता अडलेला प्रवाह दिवेकऱ्याला मिळतो आणि लाल दिवा पेटतो.

साहित्य

बीसी ५४७ ट्रान्झिस्टर २, ६.२ व्होल्टचा झेनर डायोड १, लाल एलईडी १, १० किलोओहमचे रोध २, १ किलोओहमचे रोध २, १० किलोओहमचा प्रीसेट म्हणजे स्क्रूने फिरवायचा बदलता रोध १, दाबायचे छोटे बटण १, १ अँपिअरचा फ्यूज, थोडी तार, जोडणीची पट्टी. मोजण्यासाठी शाळेतला मल्टिमीटर.

जोडणी

वाचता वाचता वहीत आकृती काढत चला. वरच्या बाजूला एक आडवी रेघ काढा, ती धन तार. खाली दुसरी रेघ, ती ऋण तार.

१. प्रीसेटची दोन टोके धन आणि ऋण तारांना जोडा. त्याच्या मधल्या टोकाला बॅटरीच्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा मिळतो.

२. मधल्या टोकापासून १ किलोओहमचा रोध, त्यापुढे झेनर, आणि झेनरपुढे पहारेकऱ्याचा बेस. झेनरवरचा पट्टा रोधाच्या बाजूला हवा. हा रोध वगळू नका. प्रीसेट चुकून पूर्ण फिरला, तर याच्यामुळेच ट्रान्झिस्टर वाचतो.

३. पहारेकऱ्याच्या बेसपासून ऋण तारेपर्यंत १० किलोओहमचा रोध जोडा. झेनरमधून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह तो वाहून नेतो, म्हणून पहारेकरी अर्धवट जागा राहत नाही.

४. दोन्ही ट्रान्झिस्टरांचे एमिटर ऋण तारेला जोडा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो.

५. पहारेकऱ्याचा कलेक्टर दुसऱ्या १० किलोओहमच्या रोधातून धन तारेला जोडा. त्याच कलेक्टरला दिवेकऱ्याचा बेस थेट जोडा.

६. धन तारेपासून उरलेला १ किलोओहमचा रोध, मग एलईडी, मग दिवेकऱ्याचा कलेक्टर. एलईडीचा लांब पाय रोधाकडे असावा.

७. दाबायचे बटण पहारेकऱ्याचा बेस आणि ऋण तार यांमध्ये बसवा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

एलईडीला किती प्रवाह मिळेल ते ओहमच्या नियमाने काढू. बॅटरी ११.८ व्होल्ट असताना लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. रोधावर ९.८ व्होल्ट उरतात. त्यांना १००० ओहमने भागले, की जवळजवळ १० मिलिअँपिअर येतात. एवढा प्रवाह स्पष्ट उजेडाला पुरेसा आहे.

रेघ कोठे ओढायची?

परिपथ जोडणे हा अर्धाच भाग झाला. खरा प्रश्न पुढे आहे. लाल दिवा नेमका कोणत्या व्होल्टेजला पेटावा? याचे उत्तर पुस्तकात शोधू नका. ते तुमच्या बॅटरीत आणि तुमच्या गरजेत आहे.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. ती काढून घेऊन तासभर तशीच ठेवा. मग तिला नेहमीचा दिवा जोडा आणि दर अर्ध्या तासाने मल्टिमीटरवर व्होल्टेज वाचून वहीत लिहा. १०.८ व्होल्ट आले, की दिवा बंद करून बॅटरी लगेच चार्जिंगला लावा. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज घेऊन आलेख काढा. बराच काळ आलेख मंद उताराने चालतो आणि शेवटी एकदम खाली कोसळतो, असे दिसेल. हा कोसळण्याचा भाग म्हणजे धोका पातळी. इशारा तिच्याआधी हवा.

आता स्वतःला विचारा, इशारा मिळाल्यावर मला किती वेळ लागेल? शेतातून वस्तीवर परतायला अर्धा तास लागत असेल, तर दुप्पट म्हणजे एक तास धरा. आलेखावर १०.८ व्होल्टच्या बिंदूपासून एक तास मागे जा आणि तेथले व्होल्टेज वाचा. तीच तुमची इशारा पातळी. पुराच्या रात्री गाव सोडून उंचावर जायचे असेल, तर एक तास पुरणार नाही. मग तीन तास मागे जा, रेघ आणखी वर येईल. थोडक्यात, इशारा पातळी बॅटरीवरून ठरतेच, पण तिच्याइतकीच ती माणसाला लागणाऱ्या वेळावरूनही ठरते. चांगल्या स्थितीतल्या बॅटरीवर हलका दिवा लावला असेल, तर ११.८ व्होल्ट ही सुरुवातीला धरायला बरी रेघ आहे. बॅटरी जुनी होईल तसा आलेख बदलतो, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी तो नव्याने काढावा.

रेघ परिपथात बसवणे सोपे आहे. दिवा चालू ठेवा आणि मल्टिमीटरवर ठरवलेले व्होल्टेज येण्याची वाट पाहा. ते आले, की प्रीसेटचे मधले टोक आधी ऋण बाजूला पूर्ण फिरवा. एलईडी पेटेल. मग सावकाश धन बाजूकडे फिरवत जा. एका जागी एलईडी विझेल. तेथून किंचित मागे या, म्हणजे तो जेमतेम पेटेल. प्रीसेटवर नखपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे तो हलणार नाही.

पहारेकऱ्याचा शिधा

पहारा देणाऱ्यालाही खायला लागते. बॅटरी चांगली असताना आपला परिपथ प्रीसेटमधून सुमारे १.२ आणि पहारेकऱ्याच्या रोधातून आणखी १.२, असे मिळून २.५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. रक्कम क्षुल्लक वाटते. पण दिवसाच्या २४ तासांत ती ६० मिलिअँपिअर-तास होते. ८००० ला ६० ने भागा. सव्वाचार महिने, म्हणजे १३० हून थोडे अधिक दिवस, बॅटरी नुसती कपाटात पडून राहिली, तरी तिचा राखणदारच ती पूर्ण रिकामी करील!

यावर उपाय फुकटचा आहे. परिपथाची धन तार बॅटरीला थेट न जोडता दिव्याच्या स्विचच्या पुढे जोडा. मग दिवा लागेल तेव्हाच पहारा सुरू होईल. दिव्याच्या ५०० मिलिअँपिअरपुढे २.५ म्हणजे दोनशेवा हिस्सा. तेवढी मजुरी महाग नाही. यात आणखी एक फायदा आहे. दिवा बंद केला, की उतरलेली बॅटरीही थोडी सावरते आणि मल्टिमीटरवर जास्त व्होल्टेज दाखवते. त्या आकड्यावर विसंबू नये. बॅटरीची खरी परीक्षा ओझे वाहतानाच होते.

आता बटणाकडे वळू. पेटणारा दिवा इशारा म्हणून चांगला, पण त्यात एक उणीव आहे. एलईडीची तार तुटली, तर दिवा कधीच पेटणार नाही, आणि आपण समजू की सारे ठीक आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बटण दाबावे. ते पहारेकऱ्याला मुद्दाम झोपवते, आणि लाल दिवा पेटायलाच हवा. पेटला नाही, तर एलईडी, दिवेकरी किंवा त्यांच्या जोडण्या तपासा.

सावधगिरी

बॅटरीचे धन आणि ऋण अग्र कधीही तारेने थेट जोडू नका. छोटी बॅटरीही क्षणात तार लाल करण्याइतका प्रवाह देते. म्हणून धन अग्राजवळच फ्यूज बसवा. चार्जिंग मोकळ्या हवेत करा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर यातले काहीही करू नका. लिथियम बॅटरीची व्होल्टेज पातळी आणि वागणूक निराळी असते, तेव्हा हाच परिपथ तिला जसाच्या तसा लावू नका.

करून पाहा

१. बॅटरी उतरण्याची वाट न पाहता परिपथ तपासता येतो. पूर्ण भरलेली, थोडी विसावलेली बॅटरी घ्या. बॅटरी आणि इशारा परिपथ यांच्यामध्ये तीन साधे डायोड एकापुढे एक जोडा. लाल दिवा का पेटतो? प्रत्येक डायोडवर किती व्होल्ट पडतात, ते मोजा.

२. असेच दोन परिपथ तयार करा. एकात पिवळा एलईडी बसवा आणि तो वरच्या व्होल्टेजला लावा. दुसऱ्यात लाल एलईडी ठेवा आणि तो त्याहून खालच्या व्होल्टेजला. इशारा पातळी आणि धोका पातळी दोन्ही तयार झाल्या. विज्ञान प्रदर्शनात मांडायला हा प्रयोग उत्तम आहे.

३. एलईडीचा १ किलोओहमचा रोध काढून ४.७ किलोओहमचा बसवा. प्रवाह किती होईल ते आधी कागदावर काढा, मग मोजा. अंधारात एवढा उजेड पुरतो का?

४. घरातल्या बॅटरीचा आलेख नवी असताना आणि वर्षभराने काढा. दोन्ही आलेख एकाच कागदावर ठेवले, तर इशारा पातळी कोणत्या बाजूला सरकवावी लागेल?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दिवा विझल्यावर बॅटरी तपासणे त्यातलेच. वीज गेलेल्या रात्री घरातल्यांना आपण एवढे तरी खात्रीने सांगू शकू, “लाल दिवा लागला आहे, अजून एक तास आहे.”